लाल शाईच्या आधी

प्रति,
सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन,
महासंचालक, सशस्त्र सेना वैद्यकीय सेवा,
नवी दिल्ली

मॅडम,

मी निवृत्त सुभेदार, ट्रेड क्लार्क. मूळचा सातारा जिल्ह्यातला, सध्या मुक्काम राई, कुवेत. इथे एका गोदामात स्टोअर सांभाळतो. गणवेशात होतो तेव्हा नोकरीतल्या गोष्टी छापून आणायला कायद्याने मनाई होती, ती मी पाळली. आता पेन्शनर आहे. तरी जुन्या सवयीने हे पत्र ‘थ्रू प्रॉपर चॅनल’ पाठवावं असं आधी वाटलं. पण ज्या विषयावर लिहितोय त्याचा सगळा घोळ प्रॉपर चॅनलमध्येच होतो, म्हणून उघड लिहितोय.

संरक्षणमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिण्याचं कारण साधं आहे. मंत्र्यांना लिहिलं तर कागद ‘अभिप्रायासाठी’ फिरत फिरत शेवटी आपल्याच टेबलावर येणार. क्लार्कला एवढं कळतं. शिवाय आपण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या (एएफएमसी) विद्यार्थिनी, पुढे त्याच कॉलेजच्या कमांडंट, आणि १ ऑक्टोबर २०२४ ला या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री अधिकारी. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या बलात्कार-खुनानंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठी जे राष्ट्रीय कृती दल नेमलं, त्यातही आपण होता. म्हणून विषयाची प्रस्तावना करत बसत नाही. फौजेत आपल्याच माणसाकडून होणारा लैंगिक अत्याचार, आणि त्यानंतर त्या जवानाचं किंवा अधिकाऱ्याचं बदलणारं वागणं, याबद्दल मला बोलायचं आहे. आणि मागणी एका फॉर्मपुरती आहे: एएफएमएसएफ-१०.

आपल्याला हा फॉर्म सांगायला नको, पण पत्र खुलं आहे म्हणून वाचकांसाठी सांगतो. जवानाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं झालं की कमांडिंग ऑफिसरचा गोपनीय अहवाल बरोबर द्यावा लागतो. माणूस कामाला कसा आहे, दारू पितो का, शिक्षा किती झाल्या, साथीदारांशी पटतं का. लष्करी इस्पितळातला डॉक्टर त्या जवानाला दहा-पंधरा मिनिटं बघणार. पलटणीने त्याला वर्षं बघितलेलं असतं. म्हणून या कागदाला वजन. हेतू चांगलाच आहे. अडचण अशी की जखम जर पलटणीतच झाली असेल, तर जखमेचं वर्णनही पलटणच लिहिते.

मी असे फॉर्म टंकलेले आहेत. त्यातला एक सांगतो. पलटण सांगत नाही, ठिकाण सांगत नाही, सालही सांगत नाही. ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारून लिहितोय.

पोरगा एकवीस-बावीसचा, कबड्डीत पटाईत, लाईनमध्ये सगळ्यांचा लाडका. एका कॅडर कोर्सला गेला आणि परत आला तो वेगळाच. बॅरेकमधली खाट सोडून तो ऑफिसच्या व्हरांड्यात कांबळं टाकून झोपायला लागला, भिंतीला पाठ लावून. आंघोळ पहाटे तीनला, कुणी नसताना. दुसऱ्या कंपनीत बदली मिळावी म्हणून त्याने दोन अर्ज केले. कारणाच्या जागी ‘घरगुती’ असं लिहिलं. कंपनी बदलून घरगुती अडचण कशी सुटणार, असा शेरा मारून दोन्ही अर्ज परत आले. कबड्डी सुटली. कधी थेंबाला न शिवलेला पोरगा रम प्यायला लागला. सुट्टी संपून हजर व्हायचं तर तो आठवडाभर उशिरा आला. त्याची पेशी, शिक्षा, शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रकावर, लाल शाईची पहिली नोंद. मग एका दुपारी लंगरच्या रांगेत मागून एका नाईकाने सहज खांद्यावर हात ठेवला, आणि याने वळून ताटच त्याच्या तोंडावर मारलं. वरिष्ठावर हात उचलला, आर्मी ॲक्टचं कलम ४०. दुसरी लाल नोंद. त्यानंतर कुणाला तरी सुचलं की याचं डोकं तपासून घ्यावं, आणि फॉर्म माझ्या टाइपरायटरवर आला.

मला डिक्टेट केलेली वाक्यं अजून आठवतात. आळशी. हट्टी. दारूच्या आहारी गेलेला. मिसळून राहत नाही. बदलीसाठी सारखा मागे लागतो. पूर्वी बरा होता. हे शेवटचं वाक्य नंतर खोडायला लावलं, कारण ‘पूर्वी बरा होता’ म्हटलं की मग काय झालं हा प्रश्न उभा राहतो.

पोरगा पुढे घरी गेला. काही वर्षांनी त्याचा फोन आला, डिस्चार्ज बुकाची नक्कल कशी काढायची ते विचारायला. बोलता बोलता त्याने त्या कॅडरच्या कॅम्पचं नाव घेतलं, तिथल्या एका वरिष्ठाचा हुद्दा सांगितला आणि म्हणाला, “साब, आता तुम्हीच समजून घ्या.” याच्यापुढे तो बोलला नाही. मीही विचारलं नाही.

आता राईकडे वळतो, कारण हे सगळं डोक्यात परत फिरायला लागलं ते इथे.

राई म्हणजे कुवेत शहराला लागून असलेला गोदामांचा, गॅरेजांचा, फर्निचरच्या शोरूमचा भाग. लोकांना तो दोन गोष्टींसाठी माहीत: अव्हेन्यूज मॉल आणि शुक्रवारचा जुना बाजार. त्या बाजारात गालिच्यांपासून कबुतरांपर्यंत सगळं मिळतं, आणि आठवडाभर आपापल्या खोलीत पडलेली आपली माणसं तिथे एकमेकांना भेटतात. तिथे रत्नागिरीकडचे एक चाचा भेटतात. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौज कुवेतमध्ये घुसली तेव्हा ते इथेच होते. पुढे बसने वाळवंट तुडवत अम्मान, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या वेळी एअर इंडियाने एक लाखाहून जास्त माणसं परत आणली, हे आपल्याकडे सगळ्यांना अभिमानाने माहीत आहे. चाचा सांगतात ते त्याच्यानंतरचं. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये जिनिव्हात नुकसानभरपाई आयोग बसवला आणि दाव्यांचे वर्ग पाडले. देश सोडावा लागला त्यांचा ‘ए’. ज्यांना गंभीर इजा झाली किंवा ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांचा ‘बी’. आणि या ‘बी’ वर्गात लैंगिक अत्याचाराने झालेली शारीरिक किंवा मानसिक इजा चक्क शब्दांत लिहिलेली होती. मानसिक यातनेसाठी प्रत्येक घटनेला पाच हजार डॉलरची कमाल मर्यादाही ठरवून दिली होती. पाच हजार म्हणजे किती, हा हिशेब करायला माझं मन धजत नाही; पण रकाना होता, हे महत्त्वाचं.

“ए चा फॉर्म आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांनी अंगणात बसून भरला,” चाचा म्हणतात. “बी कुणी मागितलाच नाही. ज्यांना मागायचा होता त्यांनी पण नाही.”

ताब्याच्या त्या सात महिन्यांत इथे बायकांवर बलात्कार झाले, हे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी वॉल्टर केलिन यांच्या १९९२ च्या अहवालात नोंदलेलं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिडल ईस्ट वॉच या संघटनेचा दुसरा अहवाल आला, तो मुक्त झालेल्या कुवेतमधल्या आशियाई मोलकरणींवरच्या अत्याचारांचा. म्हणजे शत्रू गेला म्हणून ते थांबलं नाही. मला यातून एवढंच घ्यायचं आहे: अत्याचार करणारा परक्या फौजेचा होता, जग त्याच्या विरोधात होतं, फॉर्म तयार होता, पैसे मिळणार होते, तरी माणसं बोलली नाहीत. मग करणारा आपल्याच प्लाटूनचा असेल, त्याच्याच सहीने रजा मिळत असेल, आणि रात्री त्याच छताखाली झोपायचं असेल, तर कोण बोलेल?

याच कुवेतमध्ये अमेरिकन फौजेचे मोठे तळ आहेत. इराकच्या दुसऱ्या युद्धाच्या वेळी कुवेत आणि इराकमध्ये तैनात असलेल्या त्यांच्या स्त्री सैनिकांवर त्यांच्याच साथीदारांनी अत्याचार केल्याच्या तक्रारी इतक्या बाहेर आल्या, की फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना चौकशी लावावी लागली. पुढे वेगळं कार्यालय निघालं, नियम बदलले. तरी अत्याचार थांबले नाहीत, म्हणून अखेर २०२१ च्या डिसेंबरमध्ये कायदाच बदलला. डिसेंबर २०२३ पासून अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हे तिथे कमांडर ठरवत नाही, स्वतंत्र सैनिकी वकील ठरवतो. अमेरिकन फौज आपल्यापेक्षा गुणी आहे असं मला म्हणायचं नाही. इतकी वर्षं त्यांनी काय काय झाकलं ते त्यांच्याच संसदेत निघालं. पण एक काम त्यांनी असं केलं आहे की ते वाचून मी रात्रभर बसून राहिलो.

त्यांच्या माजी सैनिक विभागात १९९२ पासून अशा बायकांच्या, आणि पुढे पुरुषांच्याही, उपचाराची कायद्याने सोय आहे. तक्रार केली होती का, कागद आहे का, हे उपचारासाठी विचारत नाहीत. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला, बाई असो की पुरुष, दोन प्रश्न विचारले जातात: नोकरीत असताना नकोसं लैंगिक वागणं सहन करावं लागलं का, आणि जबरदस्तीने किंवा धमकावून कुणी लैंगिक संबंध केला का. साधारण तीन बायकांमागे एक ‘हो’ म्हणते. पुरुषांत पन्नासामागे एक. फौजेत पुरुष किती जास्त, हे लक्षात घेतलं तर पन्नासातला एक हा आकडा लहान नाही.

आणि भरपाईच्या दाव्यांसाठी २००२ मध्ये त्यांनी नियमात लिहून टाकलं की अशा अत्याचाराची नोंद सेवेच्या कागदांत बहुतेक वेळा सापडणारच नाही. तेव्हा घटनेनंतर वागण्यात झालेला बदल हाही पुरावा धरावा. कुठला बदल, तेही दिलं आहे. दुसरीकडे बदली मागणं. कामाचा दर्जा घसरणं. दारू किंवा नशा. कारण सापडत नाही अशी उदासी, धास्ती, घाबरगुंडीचे झटके. पैशाच्या व्यवहारात किंवा माणसांशी वागण्यात उलगडा न होणारा बदल.

मॅडम, ही यादी मी टंकलेल्या त्या फॉर्मशी ताडून बघा. बदलीसाठी मागे लागतो, कामात मन नाही, दारू पितो, मिसळत नाही. यातली एकही बाब त्या यादीतून सुटलेली नाही. तिकडे ज्याला पुरावा म्हणतात ते इकडे मी आरोपपत्र म्हणून टंकत होतो.

मी भाबडा नाही. रजेवरून उशिरा येणारे शंभर जवान घेतले तर त्यातले बहुतेक बांधाच्या भांडणाने, बहिणीच्या लग्नाने, आईच्या आजाराने अडकलेले असतात. काही नुसतेच आळशी असतात; त्यांनाही मी ओळखतो. दारू पिणारा प्रत्येक जण जखमी नसतो. पण चांगला चाललेला माणूस एका ठरावीक तारखेनंतर उतरणीला लागला, तर त्या तारखेला काय झालं हे विचारायला काय हरकत आहे? आपल्या सगळ्या कागदपत्रांत तो प्रश्न कुठेच नाही.

उलट, कागद कुठे नेतात ते बघा. लाल शाईच्या चार नोंदी झाल्या की आर्मी रूल १३ खाली माणसाला घरी पाठवायची वहिवाट पडून गेली होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार नोंदी मोजल्या आणि काढलं असं चालणार नाही. गुन्हे कसले, सेवा किती झाली, कठीण ठिकाणी किती काढली, हे सगळं बघा. चांगला निकाल आहे. पण लाल नोंदीच्या आधी माणसाबरोबर काय घडलं, हे बघायला न्यायालयाकडेही पलटणीचेच कागद असतात. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालाने तर त्याहून मोठी गोष्ट केली: भरतीच्या वेळी धडधाकट होता आणि नोकरीत आजारी पडला, तर आजार नोकरीमुळे आला असं धरून चालायचं, नाही हे सिद्ध करणं सरकारचं काम. हे तत्त्व गुडघ्याला लागतं, रक्तदाबाला लागतं. झोप उडालेल्या जवानाला ते लागायच्या आत तो ‘सेवेस अयोग्य’ ठरून गावी पोचलेला असतो.

वागण्यावरून माणसाला खोटं ठरवणं ही काही फौजेची मक्तेदारी नाही. आमच्या महाराष्ट्रात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. खटल्याला तिचं नाव चिकटलं. मी ते लिहीत नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं होतं की धाकाने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि दोन्ही पोलीस सुटले: अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही. त्यावर १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. गणवेशातल्या माणसाच्या ताब्यात असलेली मुलगी ओरडेल कशी, असं त्यांचं म्हणणं. त्या पत्राने देश ढवळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहिलं, की शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही.

डॉक्टरांना हे न्यायालयाच्या आधी ठाऊक असायला हवं होतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. त्यातल्या सत्तर टक्क्यांनी सांगितलं की त्या वेळी अंग थिजून गेलं होतं. हात हलेना, आवाज फुटेना. आणि ज्यांचं अंग जास्त थिजलं त्यांना पुढे मानसिक त्रासही जास्त झाला. आता हे एखाद्या जवानाला लावून बघा. ज्याला पहिल्या दिवसापासून शिकवलं की हल्ला झाला तर तुटून पड, त्याचं अंग थिजतं. तो जन्मभर स्वतःलाच विचारत राहतो की मी कसला सोल्जर. नंतर लंगरच्या रांगेत खांद्यावर हात पडला की ताट चालतं. तेव्हा त्याचं अंग थिजत नाही.

सगळेच मोडतात असं मात्र नाही, हेही लिहिलं पाहिजे. फेब्रुवारी १९९१ मध्ये, कुवेत मुक्त होत होतं त्याच दिवसांत, ऱ्होंडा कॉर्नम या अमेरिकन फौजेतल्या डॉक्टरचं हेलिकॉप्टर इराकमध्ये पाडलं गेलं. दोन्ही हात मोडले, कैद झाली, आणि कैदेत एका इराकी सैनिकाने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. परत आल्यावर तिने तो प्रसंग शांतपणे सांगितला, नोकरी पुढे चालू ठेवली, ब्रिगेडियर जनरल झाली. अशा माणसाला सलाम. पण आपल्याकडे लगेच मोजपट्टी काढतात: बघा, ती कशी खंबीर राहिली! ती शत्रूच्या हाती सापडली होती, मॅडम, आणि परत आली तेव्हा तिची फौज तिच्या बाजूने उभी होती. ज्याला स्वतःच्याच फौजेपासून लपायचं आहे त्याच्याशी तुलना कशी होईल?

पुरुषांबद्दल मी जास्त लिहितोय, कारण बायकांबद्दल आता निदान बोललं जातं. सप्टेंबर २०२१ मध्ये कोईमतूरच्या हवाई दलाच्या कॉलेजातल्या एका अधिकारी मुलीच्या बलात्काराच्या तक्रारीचं प्रकरण पेपरात आलं. दवाखान्यात ‘टू फिंगर टेस्ट’ केल्याचा आरोप त्या अधिकारी मुलीने केला, हवाई दलप्रमुखांनी तो नाकारला. पण चर्चा झाली. खडकवासल्यात एनडीएची पहिली सतरा मुलींची तुकडी ३० मे २०२५ ला पास आउट झाली, त्या मुलींच्या पाठीशी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. जवान पोराच्या पाठीशी काय आहे? तो कायदा फक्त स्त्रियांसाठी. जुन्या दंडसंहितेतलं कलम ३७७ पुरुषावरच्या जबरदस्तीला लागायचं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत तसं कलमच राहिलं नाही. उरतं आर्मी ॲक्टचं कलम ४६, ‘घृणास्पद वर्तन’, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण ते लावायचं की नाही हे ठरवणार पुन्हा कमांडच. आणि तक्रार कुणाकडे? कलम २६ म्हणतं, वरिष्ठाकडे.

त्यात आता अग्निवीर. चार वर्षांची नोकरी, शेवटी फार तर चारातला एक कायम. हे धोरण बरं की वाईट यावर मी बोलत नाही, माझ्या गावातून पोरं त्यात गेली आहेत आणि मन लावून करताहेत. पण विसाव्या महिन्यात ज्याच्याबरोबर काही घडलं, त्याला तक्रार करायची असेल तर तो काय बघेल? मूल्यमापन कुणाच्या हातात आहे ते. तो गप्प राहील, मागे पडेल, चार वर्षांनी पॅकेज घेऊन घरी येईल. लाल शाईसुद्धा लागणार नाही. कुठल्याच कागदावर तो जखमी म्हणून दिसणार नाही, आणि गावात लोक म्हणतील, फौजेत गेला नि बिघडून आला.

आता मागणी. एक कागद बदलून काय होतं असं कुणी म्हणेल, म्हणून सेवाग्रामचं उदाहरण देतो. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये बलात्कार पीडितांच्या वैद्यकीय तपासणीवर अहवाल तयार केला: दोन बोटांच्या तपासणीला शास्त्राचा आधार नाही, तपासणीचे नमुनेच चुकीचे आहेत. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती तपासणी नाकारली, आणि सरकारी नमुना बदलला. वर्ध्याच्या एका डॉक्टरने एका फॉर्मपासून सुरुवात केली होती.

माझं म्हणणं असं. एएफएमएसएफ-१० मध्ये तारखेचा रकाना घाला: वागण्यात बदल कधीपासून दिसला, आणि त्याच्या आधीच्या तीन महिन्यांत हा माणूस कुठे होता, कुठला कोर्स, कुठली बदली, कुणाच्या हाताखाली. ‘पूर्वी कसा होता’ हे सक्तीचं करा, म्हणजे खोडता येणार नाही. माहिती एकट्या कमांडिंग ऑफिसरकडून (सीओ) न घेता जवान सांगेल त्या एका साथीदाराकडूनही घ्या. बहुतेक वेळा शेजारच्या खाटेवाल्याला सगळ्यात आधी कळलेलं असतं. वार्षिक तपासणीत अमेरिकनांचे ते दोन प्रश्न, साध्या हिंदीत, प्रत्येकाला, दार लावून आणि नर्सिंग असिस्टंटला बाहेर बसवून विचारा. सगळ्यांना विचारलं की कुणा एकाकडे बोट जात नाही. जवानाने ‘हो’ म्हटलं तर ते उत्तर त्याच्या परवानगीशिवाय पलटणीकडे जाणार नाही, याची लेखी हमी त्याला द्या. आधी उपचार, तक्रारीचं तो ठरवेल. आणि शिस्तीच्या कारणावरून कुणाला घरी पाठवण्याआधी डॉक्टरने तो सगळा क्रम एकदा तारखांनिशी बघावा, लाल नोंदी चार असोत की एक.

यातल्या काही गोष्टी आपल्या एकट्याच्या हातात नाहीत, मला माहीत आहे. आर्मी ॲक्ट आपण बदलू शकत नाही, न्याय संहिता तर नाहीच. ॲडज्युटंट जनरल ब्रांच म्हणेल की यामुळे कामचुकारांना नवी सबब मिळेल. मिळू द्या चार जणांना. दार लावून अर्धा तास डॉक्टरसमोर बसून खोटं रेटणं किती जणांना जमतं, हे आपल्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा. आणि सीओ लोकांना वाटेल की आपल्यावर अविश्वास दाखवला. मी चांगल्या सीओंच्या हाताखालीही काम केलं आहे. त्यांच्यातल्या एकालाही तारखेचा रकाना भरायला अडचण वाटली नसती.

सुधारलेल्या फॉर्मचा मसुदा मी जुन्याच नमुन्यात, आधी आहेत तेच परिच्छेद क्रमांक ठेवून टंकला आहे. नवे रकाने ५-ए आणि ५-बी असे घातलेत, म्हणजे बाकीचा कागद पुन्हा छापावा लागणार नाही. तीन प्रती आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने वेगळ्या पाठवल्या आहेत, तिन्ही दलांच्या वैद्यकीय महासंचालनालयांसाठी एकेक.

आपला,
एक निवृत्त सुभेदार (क्लार्क)
राई, कुवेत